ज्या समाधीसमोर बायकांना गायला बंदी होती, ती समाधी एका देवदासीने उभी केली, तिरुवैयारूची गोष्ट

दरवर्षी जानेवारीच्या आसपास एक व्हिडिओ सगळीकडे फिरतो. नदीकाठी मोठा मांडव, जमिनीवर दाटीवाटीने बसलेले शेकडो गायक-वादक आणि सगळे मिळून एकच गाणं गातायत. कोणी स्टार नाही, कोणाला वेगळा माईक नाही. हे गाव म्हणजे तमिळनाडूतलं तिरुवैयारू आणि तो कार्यक्रम म्हणजे त्यागराज आराधना.

आता व्हिडिओ नीट बघितला तर त्यात बायकाही मोठ्या संख्येने दिसतात. पण शंभर वर्षांपूर्वी त्या तिथे बसूच शकत नव्हत्या. हे कसं बदललं, ते समजून घ्यायचं तर आधी गाव बघायला हवं.

तंजावरपासून तिरुवैयारू साधारण 12-13 किलोमीटरवर आहे. 'तिरु' म्हणजे पवित्र, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. तंजावरहून निघालं की वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, अशा पाच नद्यांवरचे पूल एकामागून एक लागतात. एवढ्याशा अंतरात पाच नद्या म्हणजे भाताची शेती आलीच.

गावाचं सगळं वेळापत्रक या पाण्यावर चालतं. वर कावेरीवर 1934 साली मेट्टूर धरण झालं. ठरल्याप्रमाणे त्याचं पाणी 12 जूनला सुटतं आणि 28 जानेवारीला बंद होतं. उन्हाळ्यात तिरुवैयारूत कावेरी म्हणजे नुसती वाळू. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला, आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, भरलेल्या नदीचा सण असतो. बायका घाटावर येतात, कावेरीला हळदीचा दोरा, फुलं, बांगड्या वाहतात आणि घरून आणलेले भाताचे प्रकार तिथेच बसून खातात. आपल्याकडे गरोदर लेकीची ओटी भरतात, तसाच काहीसा भाव.

गावाचं मुख्य दैवत ऐयारप्पर, म्हणजे पाच नद्यांचा शंकर. चैत्र-वैशाखात त्याची पालखी आजूबाजूच्या सहा गावांत फिरून परत येते. नंदीच्या लग्नाची ही वरात, असं गावकरी मानतात. नंदीचं लग्न झालं, मग नवरा-नवरीला सात गावांत फिरवायला नको का?

आणि मराठी माणसाला इथे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. 1670 च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं आणि 1855 पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. त्यागराज याच राज्यात जन्मले, 1767 साली, तिरुवारूरला. लहानपणीच कुटुंब तिरुवैयारूला आलं आणि ते आयुष्यभर इथेच राहिले. मातृभाषा तेलुगू, दैवत राम, आणि पोटासाठी गल्लीतून गात भिक्षा मागायची. दुसऱ्या सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तेव्हा त्यांनी नकार दिला आणि संपत्ती मोठी की रामाची सेवा, असं विचारणारी रचना कल्याणी रागात केली, अशी आख्यायिका आहे.

6 जानेवारी 1847 रोजी ते गेले. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी संन्यास घेतला होता, त्यामुळे कावेरीकाठी त्यांची समाधी बांधली गेली. तिथी होती पौष वद्य पंचमी. शिष्य आपापल्या गावी पांगले आणि समाधीवर झाडोरा माजला. 1903 मध्ये शिष्यपरंपरेतल्या दोघांनी ती शोधून डागडुजी केली. काही वर्षांत तिथे पुण्यतिथीला गाणं सुरू झालं. आणि गाणं सुरू झालं तशी भांडणंही. पेरिय कक्षी आणि चिन्न कक्षी, म्हणजे मोठा गट आणि छोटा गट, असे दोन वेगळे उत्सव व्हायला लागले. एका बाबतीत मात्र दोन्ही गटांचं एकमत होतं. बायकांनी गायचं नाही.

इथे बंगळूर नागरत्नम्मा येतात.

1878 चा जन्म, देवदासी घराणं, म्हैसूर भागात गाणं शिकून पुढे मद्रासमध्ये नाव आणि पैसा दोन्ही कमावलेलं. बाई वाचणाऱ्याही होत्या. तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारात मुद्दुपळनी नावाची कवयित्री होती. तिचं 'राधिका सांत्वनम्' हे तेलुगू काव्य आधीच्या छापील प्रतीत काटछाट करून आलं होतं. नागरत्नम्मांनी मूळ संहिता मिळवून 1910 मध्ये पूर्ण पुस्तक काढलं. बाईने लिहिलेला शृंगार समाजसुधारकांना रुचला नाही, आणि इंग्रज सरकारने 1911 मध्ये त्यावर बंदी घातली. ती उठायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं.

1921 मध्ये त्यांचे गुरू बिडारम कृष्णप्पा यांनी त्यांना कळवलं की त्यागराजांच्या समाधीची अवस्था वाईट आहे. दोन्ही गटांनी तोवर उत्सव केले होते, भांडणं केली होती, पण जागेचं कोणी पाहिलं नव्हतं. नागरत्नम्मांनी जागा मिळवली, स्वतःची कमाई आणि दागिने घातले, आणि 1925 मध्ये तिथे त्यागराजांची मूर्ती असलेलं मंदिर उभं राहिलं.

आणि मग त्याच मंदिरासमोर गायला त्यांनाच मनाई झाली. कारण दोन. एक तर बाई, त्यात देवदासी.

त्यांनी 1927 पासून बायकांचा तिसरा गट काढला, 'पेण्गळ कक्षी'. पुढची बाजू पुरुषांची, तर हा गट मंदिराच्या मागच्या बाजूला गायचा. मंदिर स्वतः बांधायचं आणि मागे उभं राहून गायचं, हे पचवायला काय लागत असेल? पण त्या हटल्या नाहीत. 1940-41 च्या सुमारास तिन्ही गट एकत्र आले. सगळ्यांनी मिळून काय गायचं, यावर उत्तर निघालं त्यागराजांची पंचरत्नं, म्हणजे नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतल्या रचना. म्हणजे व्हायरल होणारं ते सामूहिक गायन काही पुरातन प्रथा नाही. ती एका तडजोडीतून आलेली पद्धत आहे.

नागरत्नम्मा म्हातारपणी तिरुवैयारूलाच राहिल्या. 1952 मध्ये त्या गेल्या. आपली मालमत्ता त्यांनी समाधीच्या कामासाठी ठेवली, आणि तिथे बायकांना, देवदासींनाही, पूजेचा आणि गाण्याचा हक्क राहील अशी अट घातली. त्यांचं स्मारक समाधीच्या समोरच आहे. आराधनेच्या सकाळी नागस्वरम वाजतं, पंचरत्नं सुरू होतात, आणि एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका असे सगळे जमिनीवर बसतात.

गाणं संपलं की पावलं बाजारात वळतात. तिथे मूगडाळ आणि तुपाचा, बोटांना चिकटणारा 'अशोका' हलवा मिळतो. तो तिरुवैयारूचाच.