कॅन्सरची ट्रायल: आत कोण जातं, बाहेर कोण राहतं?



मागच्या भागानंतर परभणीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यांच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "ट्रायलमध्ये नाव घालू का?" आणि घरात दोन तट पडले. आई म्हणाली, "माझ्या माणसावर प्रयोग नको." धाकटा भाऊ म्हणाला, "नवीन औषध फुकट मिळतंय, सोडायचं कशाला?" हे बिचारे मधे अडकलेले. मला म्हणाले, "दादा, नक्की खरं काय?"

खरं सांगू? आई आणि भाऊ, दोघंही थोडे बरोबर आहेत आणि थोडे चुकताहेत. म्हणून आजचा भाग.

ट्रायल म्हणजे नक्की काय?

क्लिनिकल ट्रायल म्हणजे एखादा उपचार चालतो का, किती चालतो, त्रास किती होतो, हे माणसांवर नियमात राहून तपासणं. बहुतेक मोठ्या ट्रायलमध्ये दोन गट असतात. एकाला आजचा प्रचलित उपचार, दुसऱ्याला नवा. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, तुम्हीही नाही. ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. म्हणजे भावाला वाटतं तसं नवीन औषध मिळेलच, असं नाही. आणि आईला वाटतं तसं, उपचार काढून घेऊन नुसता प्रयोग करतील, असंही सहसा नसतं. कॅन्सरमध्ये चांगला प्रचलित उपचार असेल, तर तुलनेतल्या गटालाही तो मिळायलाच हवा.

आत जायची वाट कुठे अडते?

आता परभणीच्या घराचा हिशोब मांडू. ट्रायल बहुतेक मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत चालतात. दर दोन-तीन आठवड्यांनी मुंबईला यायचं, सोबत एक माणूस, दोघांचा रोज बुडणार. राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, पण गर्दी केवढी! त्यात संमतीपत्र पंधरा-वीस पानांचं, आणि मराठी अशी की वकिलालाही घाम फुटावा.

शिवाय अटी असतात. हिमोग्लोबिन इतकं हवं, किडनी चांगली हवी, दुसरा मोठा आजार नको. सुरक्षिततेसाठी काही अटी लागतातच. पण आपल्याकडे पेशंट उशिरा येतो, अशक्त होऊन येतो, आणि नेमका तोच बाहेर राहतो. मग औषध तपासलं जातं धडधाकट माणसांवर आणि वापरलं जातं सगळ्यांवर.

यावर उपाय आहेत. रक्ततपासणी आणि फेरतपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी करता येते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. देशभरातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून आहे. त्यातून लहान केंद्रंही ट्रायलमध्ये येऊ शकतात.

पण प्रश्न कोणाचा?

इथे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. ट्रायलमध्ये आपली माणसं घेतली म्हणजे न्याय झाला असं नाही. ट्रायल जो प्रश्न विचारते, तो आपला आहे का?

डोक्या-मानेच्या कॅन्सरचं उदाहरण घ्या. पाश्चात्त्य देशांत यात एचपीव्ही विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर बराच असतो. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री. म्हणून जास्त करून तोंडाचा. यावर निवोलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं औषध आहे. नेहमीचा एक डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. आपल्याकडे हा खर्च शंभरातल्या दोन-तीन घरांनाही झेपत नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न विचारला: डोस खूप कमी केला तर? बरा होण्याच्या पलीकडे गेलेले १५१ पेशंट घेतले. एका गटाला तोंडावाटे घ्यायची स्वस्त औषधं, दुसऱ्या गटाला तीच औषधं अधिक दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. सहा आठवड्यांचा हिशोब करा: एरवी ७२० मिलिग्रॅम, इथे ४०. अठरावा हिस्सा! २०२२ मध्ये निकाल छापून आला. एका वर्षानंतर जिवंत असलेले पहिल्या गटात १६.३ टक्के, दुसऱ्यात ४३.४ टक्के.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. ही तुलना पूर्ण डोसशी नव्हती. त्यामुळे "कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला" हे यातून सिद्ध होत नाही. गरिबाला कमी औषध, असा आक्षेपही कोणी घेईल. पण ज्याला पूर्ण डोस मिळणारच नव्हता, त्याच्यासाठी "काहीच नाही" आणि "थोडं" यांतला फरक या ट्रायलने मोजला. आणि आपलं औषध कमी खपावं म्हणून कुठली कंपनी चाचणी करेल? असे प्रश्न सार्वजनिक संस्थांनाच विचारावे लागतात.

धाराशिवच्या बायका

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने एक मोठी ट्रायल सुरू झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, खेड्यांचे ५२ समूह. पेशंटला शहरात बोलावलं नाही, तपासणीच गावात नेली. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले.

यालाही दुसरी बाजू आहे. एका गटाची वेगळी तपासणी झालीच नाही. तपासणी कुठे होते एवढी माहिती त्यांना दिली. "आपल्याकडे नियमित तपासणी नाहीच, मग त्यांचं काही हिरावलं नाही" हा युक्तिवाद, आणि त्यावर कडक टीकाही झाली. मला ती टीका रास्त वाटते. त्याहून बोचतं ते हे: २०१६ च्या सरकारी तपासणी कार्यक्रमात एचपीव्ही नव्हे, तर व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघायची स्वस्त पद्धत घेतली गेली. या बायकांनी जगाला जे उत्तर मिळवून दिलं, ते त्यांच्याच लेकींपर्यंत पोचायला इतका वेळ का लागावा?

सही करण्याआधी काय विचाराल?

परभणीच्या दादांसाठी आणि सगळ्यांसाठी, वहीत लिहून घ्या:

१. ट्रायलमध्ये नाही गेलो तर वडिलांना कुठला उपचार मिळेल?
२. दोन्ही गटांना काय काय मिळणार?
३. कुठल्या तपासण्या, कुठली औषधं फुकट? प्रवासाचं काय?
४. किती फेऱ्या? काही गावाजवळ होतील का?
५. फायदा झाला, तर ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का?
६. रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?

२०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळायला हवी. कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. मधेच नाव काढून घेता येतं, त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. ट्रायल खरी आहे का, हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत ऑनलाइन बघता येतं. २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे.

दादा, आईंना सोबत घेऊन जा. कागद घरी आणा, दोन दिवस वाचा. "आत्ताच सही करा" असं कोणी म्हणालं, तर उठून या. आणि उत्तरं पटली, तर "प्रयोग" या शब्दाला घाबरून दार लावून घेऊ नका. आपली माणसं आत नसतील, तर आपला आजार त्या उत्तरात येणार कसा?

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.