सातबारा, अंडी आणि पेन्शन

श्टुटगार्ट : परदेशाबद्दलच्या दोन गोष्टी खानदेशातल्या बोदवडला न विचारताच ऐकवल्या जातात. तिकडे म्हाताऱ्यांना सरकार पोसतं, ही एक. आणि तिकडची पोरं आईबापांना विचारत नाहीत, ही दुसरी. एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर यांना हरकत घेणारा कुणी भेटत नाही. त्यामुळे जर्मनीत श्टुटगार्टमध्ये नोकरी करणाऱ्या खानदेशी माणसाला गावाकडच्या फोनवर दर वेळी तेच ऐकावं लागतं : ‘तुमचं बरं हाये भो, म्हातारपणाची सोय सरकारनंच करेल हाये.’

सरकारने सोय केलेली नाही, वही ठेवली आहे. पगाराच्या १८.६ टक्के रक्कम दर महिन्याला निवृत्तिविम्यात जाते, निम्मी कामगाराची, निम्मी मालकाची. वर्षभरात देशाच्या सरासरीइतकी कमाई झाली की वहीत एक गुण जमा होतो. कमाई निम्मी झाली तर अर्धा. जुलै २०२५ मध्ये एका गुणाची किंमत महिन्याला ४० युरो ७९ सेंट झाली. पंचेचाळीस वर्षं सरासरी पगारावर राबलेल्या माणसाला त्या हिशेबाने महिना साधारण १,८३५ युरो मिळतात, आणि त्यातूनही आरोग्यविमा, शुश्रूषाविमा आणि कर वजा होतात. श्टुटगार्टचं घरभाडं भरल्यावर जे उरतं त्यात जगप्रवास होत नाही. स्टेशनबाहेर कचऱ्याच्या डब्यात हात घालून रिकाम्या बाटल्या शोधणारे म्हातारे इथे नेहमी दिसतात; प्लॅस्टिकची एक बाटली दुकानात परत केली की पंचवीस सेंट मिळतात. हे बोदवडला सांगितलं तर ऐकणारा हसतो आणि विषय कापसाच्या भावाकडे नेतो.

हेवा करायचाच तर पत्राचा करावा. सत्तावीस वर्षं पूर्ण झाली आणि पाच वर्षांचे हप्ते भरलेले असले की दर वर्षी निवृत्तिविम्याकडून घरी एक पत्र येतं. तुम्ही अमुक तारखेला थांबू शकता, आजवरच्या कमाईवर तुम्हाला इतके मिळतील, असंच पुढे कमावत राहिलात तर तितके. गिऱ्हाइकाला घाबरवून पॉलिसी गळ्यात मारणारा एजंट मध्ये नाही. तिशीतली पोरंही जेवणाच्या सुट्टीत या पत्रावर बोलतात, तेव्हा मात्र खानदेशी माणूस वैतागतो. लग्न व्हायचं आहे, आणि हा सदुसष्टाव्या वर्षाचं बोलतोय!

सदुसष्ट हा आकडा नवा आहे. बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, कामगारांच्या वृद्धत्वाच्या पेन्शनचा कायदा झाला तेव्हा वय सत्तर ठेवलं होतं आणि तिथवर पोचणारे कामगार थोडेच होते. १९१६ मध्ये ते पासष्ट झालं. आता माणसं जास्त जगतात म्हणून ते पुन्हा वर चढतं आहे. १९६४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण पेन्शन सदुसष्टाव्या वर्षी. त्याआधी थांबलात तर दर महिन्यामागे ०.३ टक्के कपात, आणि तीही जन्मभराची. सोळाव्या वर्षी कामाला लागून पंचेचाळीस वर्षं हप्ते भरलेल्या गवंड्याला थोडी सूट मिळते. त्यामुळे कारखान्यातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, किती राहिलं? तो महिन्यांत उत्तर देतो.

आपल्याकडे ज्यांना अशी तारीख असते त्यांची तारीखही कशी असते, ते पाहण्यासारखं आहे. मुलीकडे तीन महिन्यांसाठी आलेले बोदवड तालुक्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर त्याच दिवशी तालुक्यातले आणखी कितीतरी गुरुजी निवृत्त झाले, कारण या सगळ्यांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवत नव्हती. पहिलीच्या मास्तरांनी पोराची उंची पाहून वर्ष ठरवलं आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी राज्य सरकारने त्या अंदाजाप्रमाणे त्यांना घरी पाठवलं. जर्मन शेजाऱ्याला हे समजावून सांगताना गुरुजींच्या मुलीची पुरेवाट झाली. तुझ्या वडिलांचं खरं वय किती, असं त्याने विचारल्यावर तिने ‘आजीच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षं कमी’ असं उत्तर दिलं. शेजाऱ्याने लगेच हिशेब केला : म्हणजे सरकारने तुमचे दोन गुण बुडवले.

निरोपाच्या बाबतीत मात्र बोदवड पुढे. गुरुजींना फेटा बांधला, सपत्नीक सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, केंद्रप्रमुखांपासून सरपंचांपर्यंत सगळे बोलले, आणि शेवटी वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं जेवण. जर्मनीत निवृत्त होणारा माणूस स्वतःच्या खर्चाने सहकाऱ्यांना खाऊ घालतो. लोणी लावलेले ब्रेट्सेल टेबलावर ठेवतो, अर्ध्या तासात सगळे हात झटकून आपापल्या यंत्रावर परत जातात. ‘भाषण नाही?’ गुरुजींनी विचारलं. भाषण नव्हतं.

गुरुजी भाग्यवान पिढीतले. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, त्यानंतर सरकारने सुधारित योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्म्याची हमी दिली. भुसावळच्या रेल्वेवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना साठ वर्षं मिळतात. आणि मलकापूर ओलांडून बुलढाण्याला गेलं की सगळ्यात खालच्या पायरीवरचे भेटतात : ईपीएस-९५चे पेन्शनर. एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी संस्था यांत उमेदीचा काळ घालवलेल्या या लोकांसाठी २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. ती ७,५०० करावी म्हणून त्यांच्या संघर्ष समितीने २४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाण्यात साखळी उपोषण मांडलं. हजार रुपये ऐकून श्टुटगार्टचा शेजारी म्हणाला, आठवड्याला? गुरुजींनी मुलीला ते भाषांतर करू दिलं नाही.

पण गुरुजींना सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. जर्मन वहीत मूल वाढवण्याचेही गुण जमा होतात. १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे आईच्या नावावर तीन वर्षं धरली जातात, जणू त्या तीन वर्षांत ती देशाच्या सरासरी पगारावर कामाला होती. जुलै २०२५च्या दराने एका मुलामागे महिना सुमारे १२२ युरो. पेन्शनला किमान पाच वर्षं लागतात, म्हणजे दोन मुलं वाढवलेल्या बाईने उभ्या आयुष्यात एक दिवसही नोकरी केलेली नसली तरी तिला स्वतःच्या नावाची पेन्शन मिळते. अंथरुणाला खिळलेल्या सासूची विनापगार शुश्रूषा केली तर त्याचेही गुण लागतात, फक्त तसे कागद हवेत.

हे ऐकल्यावर गुरुजींच्या पत्नी, ज्यांना गावात सगळे जिजी म्हणतात, पहिल्यांदा या चर्चेत उतरल्या. ‘मंग माझे किती झाले?’ त्यांनी विचारलं. चार मुलं, अकरा वर्षं सासूची सेवा, आणि दर दिवाळीनंतर घरच्या शेतात कापसाची वेचणी. मुलीने मोबाइलवर आकडेमोड करून रक्कम सांगितली. गुरुजी म्हणाले, हा सगळा काल्पनिक हिशेब आहे. जिजी म्हणाल्या, कापूस काल्पनिक नव्हता. तो विषय जेवणापर्यंत चालला आणि भाजीत मीठ कमी पडलं.

सालदाराचा प्रश्न तर या हिशेबात येतच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, वर्षाचा आकडा ठरतो, उचल घेतली जाते. त्याने कोणत्या वर्षी थांबायचं हे कोणत्याही आखाजीला ठरत नाही, गुडघे ठरवतात. पासष्टी ओलांडली आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला तहसीलमधून मिळाला, तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये.

पुढच्या रविवारी मुलीच्या एका सहकाऱ्याने सगळ्यांना श्वेबिश आल्बच्या डोंगरपठारावर आपल्या गावी नेलं. तिथे शेतकऱ्याची निवृत्ती पाहायला मिळाली. ती पाहिल्यावर गुरुजी परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलतच राहिले, कारण शेतकरी निवृत्त होतो हेच त्यांना मान्य होईना.

मोठ्या घरात मुलगा-सून, गोठा, ट्रॅक्टर. अंगणापलीकडच्या छोट्या घरात म्हातारा-म्हातारी. शेत मुलाच्या नावावर करताना झालेला करार म्हाताऱ्याने कपाटातून काढून दाखवला. या रिवाजाला तिथे आल्टेनटाइल म्हणतात, तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि जमिनीच्या सरकारी नोंदवहीत त्याची नोंद होते. छोट्या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क, हिवाळ्याचं सरपण, बटाटे, आठवड्याला ठरलेली अंडी, डॉक्टरकडे गाडीने नेणं-आणणं, आजारपणात शुश्रूषा, आणि शेवटी दोघांच्या कबरीची निगा. सगळं कलमवार.

‘पोराने बापाला अंडी द्यायची, हे लिहून घेतलं?’ गुरुजींचा आवाज चढला. म्हाताऱ्याला भाषांतराची गरज पडली नाही. तो हसत म्हणाला, पोरगा चांगला आहे, पण सरपण दर वर्षी उशिरा आणतो. लिहिलेलं असल्यामुळे मला ओरडता येतं.

करार जुना असला तरी त्यामागे एक कायदाही होता. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने शेतकऱ्यांसाठी वेगळी पेन्शन सुरू केली आणि तिला अट घातली : शेत आधी पुढच्या पिढीच्या हवाली करा, मग पेन्शन घ्या. तरुणांच्या हातात जमीन वेळेवर यावी, एवढाच त्यामागे हेतू. १९९५ पासून शेतकऱ्याच्या बायकोचाही स्वतंत्र विमा झाला. पण नवरा शेत सोडायला तयार नसेल तर बायकोची पेन्शन अडायची. नवऱ्याच्या हट्टापायी हिची पेन्शन का अडवायची, हा प्रश्न घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये त्या न्यायालयाने ही अट राज्यघटनेविरुद्ध ठरवली. त्यानंतर अटच गेली. एकसष्ट वर्षं मात्र त्या देशाने शेतकऱ्याला सांगितलं : सोड, मग देतो.

आपण काय सांगतो? गुरुजींचे वडील चौऱ्याऐंशीचे आहेत. सात एकर कोरडवाहू, सातबारा त्यांच्याच नावावर. बोदवड उपसा सिंचन योजनेचं पाणी येईल तेव्हा वाटणी करू, असं ते कित्येक वर्षं सांगत आले आहेत. शेत कसतो गुरुजींचा धाकटा भाऊ, वय चोपन्न. मोबाइलवर ई-पीक पाहणी तोच करतो, पण नोंद वडिलांच्या नावाने. विकास सोसायटीचं पीककर्ज वडिलांच्या नावाने, म्हणून दर वर्षी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून सहीला न्यावं लागतं. सीसीआयच्या केंद्रावर कापूस न्यायचा तरी कागद त्यांचे. चोपन्न वर्षांचा शेतकरी सरकारदरबारी शेतकरीच नाही.

वडिलांनी आज ठरवलं आणि शेत धाकट्याच्या नावावर केलं तर? मुलाला शेतजमीन बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, तेव्हा खर्चाची सबब नाही. सबब दुसरीकडे आहे. पीएम किसान योजनेने १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली. त्यानंतर नावावर झालेल्या जमिनीला लाभ नाही; अपवाद एकच, मालक वारला आणि वारसाने जमीन आली तर. म्हणजे बापाने जिवंतपणी शेत दिलं की बापाचे वर्षाचे सहा हजार बंद, त्यामागून राज्याच्या नमो योजनेचे सहा हजार बंद, आणि मुलाला दोन्हींतलं काही सुरू होत नाही. जर्मनीने पेन्शनसाठी जमीन सोडायला लावलं. आपण थोड्या पैशांसाठी मरेपर्यंत धरून ठेवायला लावलं, तेही कुणाच्या मनात तसं नसताना.

भीती आहेच, ती खोटी नाही. सातबारा मुलांच्या नावावर केल्यावर ताट बाहेर ओट्यावर आलेले बाप प्रत्येक गावात दोन-तीन असतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे : सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळवता येते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे. पण अट लिहिलेली असलेली बरी, आणि पोराकडून लिहून घ्यायचं म्हणजे बोदवडला नाक कापलं गेल्यासारखं वाटतं.

आल्बहून परतल्यावर गुरुजींनी दोन रात्री वही घेऊन बसून एक मसुदा तयार केला. घरातली पुढची खोली, दोन वेळची भाकरी, आठवड्यातून एकदा शेवभाजी, दवाखान्याला भुसावळ किंवा जळगाव, शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला नेणं-आणणं. अंडी त्यांनी काढून टाकली. वडील माळकरी आहेत. जिजींनी आपली दोन कलमं घालायला सांगितली, ती घातली.

मग व्हिडिओ कॉल लावून मसुदा धाकट्याला वाचून दाखवला. धाकट्याची काहीच हरकत नव्हती. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण तिकडे थंडी किती आहे, हेच विचारलं. शेवटी गुरुजींनी थेटच विचारलं, ‘मंग बाबा, तलाठ्याकडे कधी जायचं?’

‘पुढचा हप्ता पडू दे आधी,’ म्हातारा म्हणाला, आणि फोन नातवाकडे दिला.