बऱ्हाणपूरचे पाणी : कामाचा वेग आणि लोकांचे नियंत्रण

सार्वजनिक सुविधा लवकर उभ्या राहाव्यात, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु घाईघाईत सारे निर्णय अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडेच राहिले, तर ज्यांच्यासाठी काम झाले त्यांना विचारणे राहून जाते. वेग आणि लोकनियंत्रण यांचा मेळ कसा घालावा, हे बऱ्हाणपूरच्या पाणीपुरवठ्याच्या दोन उदाहरणांवरून समजून घेता येते.

पहिले उदाहरण कुंडी भंडाऱ्याचे. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने, कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. रचना अजोड होती. मात्र निर्णय राज्यकर्त्यांचा होता. रयतेच्या संमतीला त्या राज्यव्यवस्थेत स्थान नव्हते.

दुसरे उदाहरण जलजीवन मिशनचे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी या मिशनची घोषणा झाली, तेव्हा जिल्ह्यातील १,०१,९०५ ग्रामीण कुटुंबांपैकी ३७,२४१ कुटुंबांकडेच नळ होता. जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा देशातील पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. येथे वेगाइतकीच कार्यपद्धती महत्त्वाची आहे. काम पूर्ण झाल्याचा खात्याचा अहवाल पुरेसा मानला गेला नाही. २५४ गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले, तेव्हाच प्रमाणपत्र मिळाले. गावोगावी पाणी समित्या स्थापन झाल्या आणि पाणी तपासण्याचे प्रशिक्षण स्त्रियांना देण्यात आले.

तथापि ठराव एका दिवसाचा असतो, तर नळाची गरज रोजची. वीजबिल थकले, पंप नादुरुस्त झाला किंवा भूजल आटले, की कुटुंब टँकरवाल्याच्या दारी जाते आणि तेथे गरजवंताला भाव ठरविता येत नाही. बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे सोपविल्यावर दर वाढले; २००० साली जनआंदोलनानंतर तो करार रद्द करावा लागला. लोकांना आधी न विचारल्याने वाचलेला वेळ असा नंतर खर्ची पडतो.

सारांश, लोकनियंत्रण तीन टप्प्यांवर हवे : कामापूर्वी आराखडा व खर्चावर, काम चालू असताना दर्जावर आणि कामानंतर पाणीपट्टी व दुरुस्तीवर. प्रत्येक टप्प्याला मुदत ठरवून दिल्यास काम रेंगाळण्याचे कारण नाही. महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या गावचा ठराव, पाणी समितीचा जमाखर्च व पाणी तपासणीच्या नोंदी अभ्यासावयास लावल्या, तर नागरिकशास्त्र पुस्तकाबाहेर येईल आणि समितीवरही गावाची नजर राहील.