बैठकीच्या वहीत कंबरेचा घेरही लिहूया



कोतूळकडच्या एका समूहाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाचा अर्ज आला. कारण लिहिलं होतं, 'आईच्या किडनीचं ऑपरेशन'. बैठक उठल्यावर ताईंनी सगळं सांगितलं. त्यांच्या परवानगीने, नाव न घालता, ते इथे लिहिते आहे.

आईला वर्षभरापूर्वी दोनदा लाल लघवी झाली. दुखलं काहीच नाही. घरच्यांनी उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी दिलं. चार दिवसांत लघवी साफ झाली आणि विषय संपला. आईला वाटलं, पाळी परत आली की काय. पाळी जाऊन तर आठ वर्षं झाली होती! शेवटी सोनोग्राफी झाली, तोवर किडनीचा कर्करोग किडनीबाहेर गेला होता.

हा आजार एवढा उशिरा का कळतो? किडन्या पाठीच्या बाजूला, बरगड्यांच्या आडोशाला असतात. आत गाठ वाढली तरी हाताला लागत नाही आणि बरेच दिवस दुखतही नाही. पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत ती दिसते. गाठ किडनीच्या आतच असेल, तर ऑपरेशनने बहुतेक रुग्ण बरे होतात. फुप्फुसात किंवा हाडांत पसरल्यावर औषधं आहेत, पण पूर्ण बरं होणं अवघड जातं.

आता तुम्ही विचाराल, हा होतो कशाने? विडी-सिगारेट, लठ्ठपणा आणि वाढलेला रक्तदाब ही तीन मोठी कारणं. साखरेचा आजार असणाऱ्यांनाही धोका जास्त असतो. खाल्लेलं अन्न शरीर कसं वापरतं आणि कसं साठवतं, त्याला चयापचय म्हणतात. पोटावर चरबी साठली की शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही, मग शरीर ते जास्त बनवतं. जास्तीचं इन्सुलिन पेशींना वाढायला उत्तेजन देतं. म्हणून पोटाचा घेर, रक्तदाब आणि साखर ही एकाच घरातली भावंडं समजा. एक आलं की बाकीची मागोमाग येतात.

आणखी एक गोष्ट. कर्करोगामुळे एक किडनी काढावी लागली, तर दुसरीवर माणूस चांगला जगतो. पण ती दुसरी किडनी रक्तदाबाने आणि साखरेने आधीच झिजलेली असेल तर? मग पुढे डायलिसिसची वेळ येऊ शकते. अंगदुखीसाठी मनानेच रोज गोळ्या घेतल्या, तरी किडनीचं नुकसान होतं.

"आम्ही तर दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कुठला लठ्ठपणा?" असं बऱ्याच जणी म्हणतात. पण हातपाय काटक्यांसारखे आणि पोट तेवढं सुटलेलं, अशा आपल्यात किती जणी आहेत ते बघा. बाईच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावा. पुरुषाचा ९० च्या आत. आशाताई तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात, त्यातही हा घेर विचारलेला असतो. अंदाजाने सांगू नका, टेप लावू द्या.

आपण काय करायचं?

१. शिवणकाम करणाऱ्या ताईंनी बैठकीला टेप आणावा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावं. बचतीसारखंच तेही वहीत लिहावं. कुणी कुणाला हसायचं नाही.

२. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, किंवा उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त आली, तर डॉक्टरांना दाखवावं. सुरू झालेली गोळी बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नये.

३. मीठ दिवसाला माणशी एक छोटा चमचा, त्यातच लोणचं, पापड आणि सुकटीचं मीठही धरावं. चहातली साखर कमी करावी. नाचणी-वरई आपल्याच शेतातली आहे, तीच विकून बिस्किटं आणू नयेत.

४. लघवी एकदाही लाल झाली, दुखत नसलं तरी, थांबली तरी, त्याच आठवड्यात दाखवायचं. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीबद्दल स्वतः विचारायचं. बहुतेक वेळा खडा किंवा जंतुसंसर्ग निघतो, घाबरू नका. पण औषध घेऊनही परत रक्त दिसलं, तर तेच औषध पुन्हा घेऊन थांबू नका. पाळी गेलेल्या बाईने तर अजिबात वाट पाहू नये. कुशीत गाठ लागली किंवा कारण नसताना वजन उतरलं, तरीही दाखवा.

कर्करोगाच्या उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. कर्ज काढण्याआधी हे विचारा.

त्या ताईंचा अर्ज समूहाने त्याच दिवशी मंजूर केला. पैसे उभे करायला आपण शिकलो, याचा मला अभिमान वाटला. पण त्या जाताना म्हणाल्या, "मॅडम, लघवीचं बोलायची लाजच वाटली तिला." आपल्या दशसूत्रीत आरोग्यही आहे. तर पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की हाही विषय काढा. पहिली बोलली की बाकीच्या बोलतात.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, अकोले