जनावरांची पावलं, शब्दांची पावलं (७) : दुगाणी

टाप ही धावत्या घोड्याची, हे मागच्या लेखात आलं. आज उभ्या जनावराच्या पायांकडे वळू.

टेमघरला एका गोठ्यात पहाटे धार काढताना बसलो होतो. बाहेर भिवंडी-कल्याण रस्त्यावर कापडाचे ट्रक सुरू झाले होते. मावशींनी रेडकू सोडलं, चार घोट पिऊ दिलं, म्हैस पान्हावली तसं ते ओढून दावणीला बांधलं. मग बादली गुडघ्यांत धरून, कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून त्या बसल्या. मी जवळ सरकलो, तशा म्हणाल्या, "इथं नको दादा. म्हशीची लाथ फिरून येते."

फिरून येते, हे अगदी खरं. गाय-म्हैस मागचा एक पाय उचलते, पुढे आणते आणि बाजूला झाडते. घोडा आणि गाढव यांची तऱ्हा वेगळी. ते पुढच्या पायांवर भार घेतात, पुठ्ठा उचलतात आणि मागचे दोन्ही पाय एकदम सरळ मागे फेकतात. ही दुगाणी. लाथ एका पायाची, दुगाणी दोन पायांची. मराठीने हा फरक नुसत्या शब्दात जपला, कारण घोड्याच्या पागेत आणि म्हशीच्या गोठ्यात कुठे उभं राहायचं, हे त्यावर ठरत होतं.

दुगाणीची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती पाठ फिरवल्याशिवाय झाडता येत नाही. वर्तमानपत्रांत हल्ली कोणीही कोणावर टीका केली की 'दुगाण्या झाडल्या' असं छापतात. समोरासमोरच्या भांडणाला हा शब्द लावणं चूक आहे. ज्याने दाणा-वैरण घातली त्याच्याकडे पाठ करून केलेला प्रहार, तो दुगाणी. पक्षातल्या पक्षात एकमेकांचे पाय ओढणं सुरू असेल तर त्याला 'लाथाळ्या' हा नेमका शब्द आहे. 'गाढवांचा गोंधळ, लाथांचा सुकाळ' ही म्हण तिथलीच.

लाथ मात्र माणसांतही वावरते. नोकरीला लाथ मारतात, दुभत्या गाईच्या लाथा गोड मानतात आणि धमक असलेला माणूस 'लाथ मारीन तिथे पाणी काढीन' म्हणतो. ग्रीक पुराणात पेगॅसस या पंख असलेल्या घोड्याच्या खुराने हेलिकॉन डोंगरावर झरा फुटला. त्या झऱ्याचं नाव हिप्पोक्रेनी, म्हणजे घोड्याचा झरा. आपल्या म्हणीतला माणूस तेच काम स्वतःच्या पायाने करू पाहतो.

आणि या पायांना आवरणारी दोरीही भाषेत उरली आहे. घोड्याचे पाय बांधायचे तो पायबंद. आज आपण भ्रष्टाचाराला, रोगराईला, महागाईला पायबंद घालतो. दोरी कोणी पाहिलेली नसते, तरी क्रियापद अजून 'घालणे' हेच आहे.

त्या पहाटे मावशींनी दोरी वापरली नाही. धार चालू असताना त्या मध्येच थांबल्या, बादली अलगद मागे घेतली. पुढच्याच क्षणी म्हशीचा पाय उठला आणि रिकाम्या जागेतून फिरून गेला. "कळतं कसं?" मी विचारलं. "कुशीची कातडी आधी थरथरते," त्या म्हणाल्या, आणि कपाळ पुन्हा तिथेच टेकवलं.

(पुढील लेखात : 'चौखूर' आणि 'दुडकी')