शिकाऊ डॉक्टर तेच तेच का विचारतात?

अमळनेरहून रुग्णाला पुढील उपचारांसाठी धुळ्याला किंवा जळगावला पाठवले, की नातेवाइकांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘सकाळपासून चार जण येऊन गेले, सगळ्यांनी तेच विचारलं. मोठे डॉक्टर कधी येणार?’ दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला एकच गोष्ट चारदा सांगणे नकोसे होते, हे खरे. पण हे चार जण कोण आणि ते काय शोधत असतात, हे कळले तर त्यात रुग्णाचाच फायदा आहे.

खान्देशात सरकारी वैद्यकीय शिक्षण तसे उशिराच आले. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये, जळगावचे २०१८ मध्ये आणि नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. अशा रुग्णालयात पहिला येतो तो एमबीबीएसचा विद्यार्थी. त्याचे शिक्षण साडेचार वर्षांचे. त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. एमडी किंवा एमएस करणारा निवासी डॉक्टर वॉर्डात दिवसरात्र असतो. आणि या सर्वांच्या मागे अध्यापक. विद्यार्थी उपचार ठरवत नाही. तो विचारतो, तपासतो आणि राउंडला अध्यापकांसमोर केस मांडतो. तेव्हा अध्यापक दर वाक्याला विचारतात, ‘कशावरून?’ उत्तर आले नाही तर विद्यार्थ्याला पुन्हा रुग्णाकडे जावे लागते. शिकवणे म्हणतात ते बरेचसे हेच, आणि यातून रुग्णाचीही फेरतपासणी होते.

या फेरतपासणीतून काय हाती लागू शकते, याचे जुने उदाहरण शिकागोचे आहे. १९०४ च्या डिसेंबरात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, लांबट आणि विळ्यासारख्या होत्या. त्याने ते आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवले. हेरिक यांनी ‘शिकाऊ मुलाची चूक’ म्हणून ते बाजूला सारले नाही; रुग्णावर लक्ष ठेवले आणि १९१० मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. सिकलसेल आजाराचे वैद्यकीय नियतकालिकातील पहिले वर्णन म्हणून ते ओळखले जाते.

हाच आजार आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात, पावरा व भिल्ल समाजांतील कुटुंबांत आढळतो. हातपाय दुखतात म्हणून आणलेल्या मुलाला ‘वात’ समजून वेदनाशामक देऊन घरी पाठवणे सोपे असते. पण विद्यार्थी विचारतो: मूळ गाव कोणते? असे आधी कधी झाले होते का? भावंडांना त्रास आहे का? रक्त कधी चढवले का? नातेवाइकांना फालतू वाटणाऱ्या याच प्रश्नांतून साध्या रक्तचाचणीकडे आणि पुढे इलेक्ट्रोफोरेसिसकडे वाट जाते. निदान पक्के झाले तर हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध सुरू करता येते. ताप आला की थांबायचे नाही, हे आईवडिलांना सांगता येते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हेही समजावता येते.

संशोधन म्हणजे दर वेळी नवे औषध नव्हे. सर्पदंशाचा रुग्ण किती तासांनी पोहोचला, वाटेत वेळ कुठे गेला, याची नीट नोंद ठेवणे हेही संशोधनच आहे, आणि त्याचे उत्तर मुंबईत बसून मिळणार नाही. मात्र त्यासाठी केस पेपर पूर्ण भरलेला हवा आणि अध्यापकाला वेळ हवा. बाह्यरुग्ण विभागातील गर्दी उपसतानाच शिकवायचे, कागदपत्रे पुरी करायची आणि अभ्यासही लिहायचा, अशी ओढाताण असते. पद रिकामे राहिले की ‘कशावरून?’ विचारणारे माणूसच कमी होते. त्याचा तोटा आज रुग्णाला होतो आणि उद्या त्या विद्यार्थ्याच्या गावालाही.

रुग्णाचे हक्कही स्पष्ट आहेत. विद्यार्थ्याने तपासण्यापूर्वी परवानगी घ्यायला हवी, आणि ती नाकारता येते. स्त्री रुग्णाला तपासताना सोबत स्त्री असावी, अशी मागणी करता येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी करण्याआधी नीट समजावून संमती घ्यावी लागते. ‘नाही’ म्हटल्याने उपचार थांबत नाहीत.

धुळ्याला किंवा जळगावला निघताना जुने केस पेपर, तपासण्यांचे अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवावीत. त्रास नेमका केव्हा सुरू झाला, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवून ठेवावे. चौथ्यांदा विचारले तरी उत्तर द्यावे. पहिल्या तीन वेळी न आठवलेली एखादी गोष्ट तेव्हा आठवते. आणि उपचाराचा निर्णय कोण घेणार, हे अवश्य विचारावे. त्या डॉक्टरांचे नाव सांगणे हे रुग्णालयाचे काम आहे.