पोथी कोणाच्या घरी?

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि-रामायणाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली, ती ठिकठिकाणच्या पोथ्या ताडून. सर्वांस खुल्या असणाऱ्या संगणक-प्रणालींची मूळ संहिता कोठे ठेवावी, हा प्रश्न आज असाच आहे. परक्या कोठारात जागा फुकट मिळते, सहकारीही भेटतात. परंतु २०१६ मध्ये 'गूगल कोड' बंद झाले, तेव्हा अनेकांस बिऱ्हाड हलवावे लागले. स्वतःचे कोठार उभारावे, तर खर्च, दुरुस्ती व पहारा आपल्याच माथी. 'गिट' पद्धतीत प्रत्येक पूर्ण प्रतीत संहितेचा सारा इतिहास असतो. मात्र तक्रारी व चर्चा यांची दप्तरे बहुधा कोठारातच राहतात. तेव्हा घर भाड्याचे चालेल. परंतु संहितेची आणि दप्तराची एक प्रत आपल्यापाशी असावी.